सिंधूकाकूंची हरकत

सिंधूकाकूंचा साबुदाण्यावर राग होता. खायच्या साबुदाण्यावर नाही. चतुर्थीला वाटीभर खिचडी त्या चवीने खायच्या आणि वर दाण्याचं कूट कमी पडलं म्हणून लेकीला बोल लावायच्या. राग होता तो कादंबरीतल्या साबुदाण्यावर. सतराव्या शतकातली गढी, गढीत एकादशी करणारी सासू, आणि सून तिच्यापुढे आणून ठेवते साबुदाण्याची गरम खिचडी. काकूंनी तिथेच पुस्तक मिटलं. "साबुदाणा आपल्या मुलखात यायला अजून कितीतरी पिढ्या आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर ही सासू उपाशी." आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हा हसणं सोपं होतं, कारण ती कादंबरी आमच्यापैकी कुणाच्याच जिव्हाळ्याची नव्हती.

वीस सालच्या फेब्रुवारीत काकू पुण्याहून मुग्धाच्या बाळंतपणाला आल्या. मुग्धा इथे आयर्लंडात, ॲडम्सटाउनमधली माझी शेजारीण, मधे दोन घरं. काकूंचं परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं, विमानं रद्द झाली, व्हिसाची मुदत इथल्या सरकारने आपणहून वाढवली, आणि काकू राहिल्या त्या राहिल्याच. वर रडणारं बाळ, खाली जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून मीटिंगा करणारा जावई, आणि या दोघांच्या मधे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, लोकरीचे मोजे आणि साडीवर जावयाचं जुनं जॅकेट घालून, पुस्तक डोळ्यांपाशी धरून बसलेल्या काकू. त्या घरात दुसरीकडे बसायला शांत जागाच नव्हती.

पुण्यातल्या एका दप्तरखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मोडी वाचली होती. बाहेरचे लोक यायचे, संशोधक, वंशावळी शोधणारे, जमिनीच्या वादातले, आणि त्यांना हवा तो कागद काकू वाचून दाखवायच्या. हे काम करून माणूस एक तर झोपाळू होतो, नाही तर काकूंसारखा होतो. पुस्तक हातात आलं की त्या आधी शेवटची पानं उघडायच्या, संदर्भांची यादी बघायच्या, मग प्रस्तावना, आणि मग पहिलं पान. प्रस्तावनेत 'अस्सल कागदपत्रांच्या आधारे' असं छापलेलं दिसलं की त्या थांबून चष्मा पुसायच्या. मुग्धा म्हणायची, "झालं, आता लेखकाचं काही खरं नाही."

आमचा वाचनकट्टा याच काळातला. ब्लँचर्डस्टाउनचा कौस्तुभ, मी, मुग्धा आणि आणखी सात-आठ घरं. आम्ही सगळे आयटीतले, पुण्या-मुंबईचे. प्रत्येकाच्या बॅगेतून लोणच्याच्या बरण्यांभोवती गुंडाळून दोन-चार कादंबऱ्या आल्याच होत्या. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम होता, मग रविवारी दुपारी दोनला झूमवर भेटायचं. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायच्या असं पहिल्याच दिवशी ठरलं, आणि त्याही खऱ्या, म्हणजे इतिहासाला धरून असलेल्या. परदेशातल्या मराठी माणसाला इतिहास फार प्रिय असतो. माझंही तसंच आहे, कुणाला नावं ठेवायला नको. पण धरून आहे की नाही हे ठरवायचं कुणी? मुग्धा म्हणाली, माझी आई रिकामीच बसलीय.

मग दर महिन्याला चार-पाच नावं काकूंकडे जायची. त्यांचा निकाल विजेच्या बिलाच्या पाकिटामागे लिहून यायचा, मुग्धा फोटो काढून ग्रुपवर टाकायची. निकाल तीनच प्रकारचे. 'कागद आहे', म्हणजे लिहिलेल्याला आधार आहे. 'कागद नाही', म्हणजे आधार नाही. आणि तिसरा, 'कागदाविरुद्ध'. मला वाटलं होतं दुसराही वाईटच. मी तसं म्हटल्यावर काकू वैतागल्या. "अगं, कागद नाही तिथे लेखकाने खुशाल लिहावं. ती त्याचीच जागा. नवरा-बायको रात्री काय बोलले हे कोण लिहून ठेवतंय? पण कागद असताना, तो वाचलेला असताना, त्याच्या उलट लिहायचं नाही. मग तो मनुष्य कितीही छान लिहीत असो."

कौस्तुभला त्यांनी पहिल्यांदा दुखावलं ते चांदण्यावरून. त्याची शाळेपासूनची लाडकी कादंबरी, त्याने हट्टाने यादीत घातलेली. तिच्यात नायक दिवेलागणीनंतर टिपूर चांदण्यात घोडा फेकत वेढ्यातून निसटतो, आणि लेखकाने ऐटीत तिथी दिली आहे, कार्तिक वद्य द्वादशी. काकूंनी पाकिटावर लिहिलं, 'वद्य द्वादशीस चंद्र पहाटे उगवतो. तोवर अंधार. घोडा ठेचकाळेल.' ग्रुपवर हसण्याचे चेहरे पडले. कौस्तुभनेही एक टाकला. पण रविवारी तो म्हणाला, "काकू, असं बघायला लागलं तर मजाच जाईल हो सगळी." काकू शांतपणे म्हणाल्या, "तिथी द्यायला याला कुणी सांगितलं होतं? नुसतं एके रात्री म्हणाला असता तर मी गप्प बसले असते." त्यांचं म्हणणं एवढंच असायचं. कौस्तुभ मात्र हे विसरला नाही.

काकू कागदाला देव मानायच्या असं कुणाला वाटेल, तर तसंही नव्हतं. कुंपणापलीकडे ब्रीडा नावाच्या आयरिश आजी राहायच्या. दोघी दोन मीटर अंतर राखून, हातात चहाचे मग घेऊन, कुंपणाच्या अल्याडपल्याड उभ्या राहायच्या. काकूंचं इंग्रजी सरकारी पत्रातलं आणि ब्रीडाबाईंचं पार पश्चिमेकडचं, पण त्यांचं जमलं. एकदा ब्रीडाबाईंनी सांगितलं की जुन्या शिरगणतीत त्यांची पणजी दहा वर्षांत सतरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसते. काकू जिन्याच्या पायरीवरून उठून तो कागद बघायला मुग्धाच्या लॅपटॉपपाशी आल्या. मधल्या काळात म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं होतं आणि बाईने वय वाढवून सांगितलं होतं. काकूंना कोण आनंद झाला. "कागदही खोटं बोलतो," त्या मला म्हणाल्या. "पण खोटं कोण बोललं एवढंच बघायचं नाही. त्या खोट्याने कुणाच्या ताटात भाकरी पडली ते बघायचं. या पणजीबाईच्या पडली. मग मला तिचं काही वाटत नाही."

वर्ष उलटायला आलं, एकवीसचा जानेवारी, पुन्हा कडक टाळेबंदी. कट्ट्याच्या वाढदिवसाला काहीतरी जंगी करू म्हणून कौस्तुभने एक नामांकित कादंबरी सुचवली. नाव सांगत नाही, तुमच्याही कपाटात असेल. तरुण सरदारपत्नी, नवरा लढाईत पडलेला, आणि शेवटच्या प्रकरणात ती हसतमुखाने, भरल्या चुड्याने सती जाते. ते प्रकरण वाचून मी कॉलेजात रडले होते. प्रस्तावनेत लिहिलेलं आहे की ही कथा एका अस्सल पत्रावर आधारलेली आहे. शिवाय कौस्तुभच्या मामांच्या ओळखीने लेखकमहाशय स्वतः पुण्याहून झूमवर येणार होते.

आम्हाला वाटलं काकू आता पाकीटभर लिहिणार. निकाल आला एका शब्दाचा. 'घ्या.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. बाहेर बाकावर बसलो, मी एका टोकाला, त्या दुसऱ्या. ते पत्र लेखकमहाशयांना वाचून दाखवलं होतं काकूंनीच. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी चार दिवस ते दप्तरखान्यात येऊन बसले, त्यांना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, जाताना पेढे देऊन गेले. प्रस्तावनेत 'दप्तरातील कर्मचाऱ्यांचे' आभार आहेत. "आभाराचं मरू दे," काकू म्हणाल्या. "पत्रात काय आहे ठाऊक आहे? त्या बाईने भावाला कळवलंय. ही मंडळी सती जा म्हणतात, मला जायचं नाही, पोर लहान आहे, येऊन मला घेऊन जा. एवढंच. हे मी त्या गृहस्थाला दोनदा वाचून दाखवलं. त्याने मान डोलावून लिहून घेतलं. आणि तिला हसत हसत चढवली."

मी विचारलं, पुढे काय झालं तिचं?

"कागद नाही. भाऊ आला की नाही, काही नाही. रिटायर होईपर्यंत शोधत होते मी." मग म्हणाल्या, "कादंबरी आली तेव्हा मी टेंपररी होते गं. साहेब म्हणाले, मोठा माणूस आहे, कशाला तोंड उघडतेस. नाही उघडलं. ती बाई नाही म्हणाली होती हे आज माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि माझं वय बहात्तर. मला भांडायचं नाही. त्याच्यासमोर, चार लोकांत, ते पत्र एकदा वाचायचंय. तेवढं करशील?"

झूमचं खातं माझं होतं, कुणाला बोलू द्यायचं ते माझ्या हातात होतं. मी म्हटलं, काकू, मी स्वतः तुम्हाला बोलायला देते. मी शब्द दिला, आणि देताना तो खरा होता हे माझं मला माहीत आहे.

त्या रविवारी नव्वदएक जण आले, कॉर्कहून, लंडनहून, कुणाकुणाचे सासू-सासरे पुण्याहून. लेखकमहाशय छान बोलले. धुळीने भरलेल्या दप्तरांत मी दिवस दिवस बसून मोडी वाचली, म्हणाले. ते पत्र हाती आलं तेव्हा बोटं थरथरली, म्हणाले. प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी काकूंनी हात वर केला. पडद्यावरचं चिन्ह नव्हे, स्वतःचा हात, वर्गातल्यासारखा. मी त्यांचा आवाज सुरू केला.

"नमस्कार," काकू म्हणाल्या. "ते पत्र आपल्याला मी वाचून दाखवलं होतं. त्यात ती बाई सती जायला नाही म्हणते. आपण तिच्या तोंडी उलट का घातलंत, एवढंच विचारायचं आहे."

लेखकमहाशय मोठ्याने हसले. "ताई, कागद मेलेला असतो. त्याला जिवंत करणं हे कादंबरीकाराचं काम." खूप चेहरे हसले.

"तर मग मी ते पत्रच वाचते," काकू म्हणाल्या आणि कानातून इयरफोन काढून मांडीवर ठेवले. इयरफोन घालून त्यांना स्वतःचा आवाज घुमल्यासारखा यायचा, म्हणून बोलायचं असलं की त्या ते काढून ठेवत आणि बोलणं संपलं की पुन्हा घालत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घडी केलेला कागद त्यांनी डोळ्यांपाशी नेला. माझ्या फोनवर कौस्तुभचा मेसेज आला, म्यूट कर प्लीज, पाहुण्यांचा अपमान होतोय. मागोमाग दुसरा, प्लीज यार.

मी म्यूट केलं.

कौस्तुभ माझ्या नवऱ्याचा मॅनेजर नव्हता. त्याच्याकडे आमचं काही अडलेलं नव्हतं. असतं तर निदान सांगायला कारण तरी झालं असतं. मला वाईटपणा नको होता, इतकंच. नव्वद माणसांसमोर अवघडल्यासारखं झालं आणि बोट आपोआप गेलं. आपोआप म्हणते, ती पुन्हा लबाडी. मी बघून, नाव वाचून, दाबलं.

"काकूंचं नेटवर्क गेलेलं दिसतंय," कौस्तुभ म्हणाला. लेखकमहाशयांनी पुढे बोलायला घेतलं. आणि खालच्या एका चौकोनात काकू वाचत राहिल्या. चेहरा कागदाआड, दिसत होते ते फक्त पांढरे केस आणि ओळीवरून सरकणारं बोट. तीन मिनिटं असतील. सगळ्यांना दिसत होत्या. कुणी काही म्हणालं नाही. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण पडद्यावर दुसरीकडे बघायला काही नव्हतं. लेखकमहाशयांनी कसल्याशा सुंदर वाक्यावर समारोप केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नेमक्या त्याच वेळी काकूंनी कागद खाली ठेवून इयरफोन कानात घातले. टाळ्या ऐकून त्यांनी हात जोडले.

सोमवारी सकाळी त्या रस्त्यात भेटल्या. इतक्या ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वाचलं बाई एकदाचं," म्हणाल्या. "किती शांतपणे ऐकलं गं सगळ्यांनी. मला वाटलं होतं मधेच कुणीतरी तोडणार. आणि त्याने उत्तर दिलं नाही, बघितलंस? देणार काय?" मी म्हटलं, हो काकू. घरी येऊन मी भांडी घासली, ती घासलेलीच होती.

त्यांना सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. सभा चालू असताना ती बाळाला घेऊन वर होती, ग्रुपवर तिला कळलं होतं. मला वाटलं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वैशाली, आईला आता सांगू नकोस. काल इतक्या महिन्यांनी गाढ झोपली ती." म्हणजे माझ्या भित्रेपणाला तिने दयेचं पांघरूण घातलं, आणि मी ते ओढून घेतलं.

आठवड्याने काकूंनी विचारलं, "त्या सभेचं रेकॉर्डिंग झालं ना? मला एक प्रत हवी." प्रत त्या मागणार हे मला कळायला हवं होतं. चौतीस वर्षं तेच काम केलेली बाई. मी म्हटलं, नाही काकू, त्या दिवशी नेमकं झालंच नाही. त्या जरा हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "असू दे. ऐकलेली माणसं आहेत." घरी जाऊन मी रेकॉर्डिंग पुसलं. आधी खोटं बोलले आणि मग ते खरं केलं.

कट्टा काही बंद पडला नाही. कौस्तुभने नवा ग्रुप काढला, त्यात मुग्धा नव्हती आणि काकूंना पाठवायची यादी नव्हती. आम्ही हलकीफुलकी पुस्तकं वाचायला लागलो. काकू भेटल्या की विचारायच्या, पुढचं कुठलं? मी म्हणायचे, हल्ली सगळे कामात आहेत, थांबलंय जरा. त्या म्हणायच्या, "वाचायचं सोडू नका. यादी पाठवा, मी असेपर्यंत बघून ठेवते." मी पाठवते म्हणायचे. त्या ग्रुपमध्ये मी आजही आहे.

एकवीसच्या ऑगस्टमध्ये त्यांना तिकीट मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले. दारात दोन बॅगा, मुग्धाच्या कडेवर बाळ, जावई टॅक्सीवाल्याशी बोलत होता. काकू प्रवासाच्या साडीत, मास्क हनुवटीवर, जिन्याच्या त्याच पायरीवर बसल्या होत्या आणि मांडीवर एक लांबट वही होती. "तुझीच वाट बघत होते," म्हणाल्या.

वहीच्या एका पानावर पत्राची नक्कल होती, शेजारच्या पानावर स्वच्छ बालबोध अक्षरात टिपण. हे पत्र अमुक दिवशी आयर्लंडमधल्या मराठी मंडळींच्या सभेत अक्षरशः वाचून दाखवलं. कादंबरीकार हजर होते. सर्वांनी ऐकलं. हरकत कुणी घेतली नाही.

"पुण्यात गेले की हे दप्तरखान्यात देणार," काकू म्हणाल्या. "मूळ पत्राच्या मागे लावून घेतील, माझ्या हाताखालची मुलगी आहे तिथे. म्हणजे पुढे कुणी ते पत्र काढलं तर त्याला कळेल की बाईचं म्हणणं एकदा सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. पण नुसतं मी लिहून काय उपयोग? साक्ष हवी. सभा तुझ्या घरून चालली होती, तू कर सही."

मी मुग्धाकडे बघितलं. ती बाळाचं टोपडं बांधत होती. बाहेर टॅक्सीची डिकी उघडल्याचा आवाज आला. सांगायचं असतं तर ती वेळ होती. काकू विमानतळापर्यंत रडल्या असत्या, मला आयुष्यभर तोंड दाखवलं नसतं, पण पुण्याला जाऊन त्यांनी त्या पानावर काट मारली असती आणि खरं काय ते लिहिलं असतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. मी पेन घेतलं आणि आद्याक्षरं करायला लागले.

"असं नको," काकू म्हणाल्या. "पूर्ण नाव घाल. नवऱ्याचं लाव नाही तर वडिलांचं लाव, ते तुझं तू बघ. खाली गाव. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला साक्षीदार कोण होता ते कळायला हवं."

मी पूर्ण नाव लिहिलं. खाली ॲडम्सटाउन लिहिलं. काकूंनी वही डोळ्यांपाशी नेली, माझं नाव एकेक अक्षर सोडवत मोठ्याने वाचलं, आणि समाधानाने मान हलवून वही पर्समध्ये ठेवली.